काडीबाबांची स्थापना

झेरॉक्सच्या दुकानामागच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दवाखान्यात तापलेलं पोर घेऊन बसावं तशी माणसं मांडीवर आपापले लॅपटॉप घेऊन बसली होती. कुणाचा पडदा काळाठिक्कर, कुणाचा तीनदा शिट्टी मारून गप्प. समोर टेबलामागे पांढऱ्या झग्यात काडीबाबा. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ पुढच्या दुकानात मोबाईलला कव्हरं चढवून द्यायचा, पण ते कुणाला आठवायचंच नव्हतं. एकदा एखाद्याला बाबा करायचं ठरलं की लोक त्याचा सगळा भूतकाळ धुऊन वाळत घालतात.

"डोळे मिटा!" बाबा गरजले. "यंत्राला लाज वाटते!"

सगळ्यांनी डोळे मिटले. शेवटच्या रांगेतल्या बाईंनी मात्र मिटले नाहीत. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या, निवृत्त झालेल्या या बाई. वर्गात डोळे मिटणाऱ्याला त्या उभं करायच्या, तर स्वतः कुठल्या मिटतात! त्यांना स्पष्ट दिसलं. बाबांनी लॅपटॉपच्या कळांवर काळं फडकं टाकलं, चांदीच्या डबीतून काडीसारखा पेनड्राइव्ह काढून कपाळाला लावला आणि कडेच्या खाचेत खुपसला. मग यंत्र चालू करून फडक्याखाली वरच्या ओळीतली एकच कळ टकटक टकटक दाबत राहिले.

पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर उतरू लागल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ओके.

"बोला, ओके!"

"ओके!" हॉल दुमदुमला.

"मोठ्यानं! यंत्र बहिरं झालंय!"

"ओके! ओके!"

"आता उघडा डोळे!" आणि पडदा उजळला. निळे डोंगर, त्यावर मराठी अक्षरं. लॅपटॉपचा मालक एक पेन्शनर होता, त्याला रडूच फुटलं. त्याचं रडणं पुरतं व्हायच्या आत बाबांनी काडी उपटली आणि पडदा पुन्हा मेला.

"प्राण काडीत आहे, यंत्रात नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या गुरुवारी दक्षिणा घेऊन या. पुन्हा घटकाभर जिवंत करू."

बाईंनी विचारलं, "बाबा, आत्ता पडद्यावर कोपऱ्यात 'स्थापना करा' असं लिहिलं होतं. मग करून टाका की! दर गुरुवारी हेलपाटे कशाला?"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. बाबांनी कानाला हात लावले. "स्थापना म्हणजे काय पोरखेळ आहे? अधिकार नसलेल्यानं ती कळ दाबली तर बोट काळं पडतं, बाई! आणि स्थापना करायची तर आधी यंत्रातलं जुनं सगळं अर्पण करावं लागतं. तुमच्या वहिनी तयार आहेत. पुढच्या गुरुवारी त्यांचीच."

वहिनी म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको, मशीनवर भरतकाम करून देणारी. त्या लॅपटॉपात तिची बारा वर्षांची नक्षी होती. वेली, मोर, कोयऱ्या, झालरी, सगळं तिच्या डोक्यातून निघालेलं आणि कागदावर एकही नाही. महिन्याभरापूर्वी लॅपटॉप चालू होईनासा झाला आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी ती या काडीपाशी येऊन पोहोचली होती.

"अगं, बारा वर्षं अशी अर्पण करायची?" घरी आल्यावर बाई कडाडल्या.

"मग काय करू, वन्सं? असंही गेलंयच ना ते."

"गेलंय हे तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

"आणि बाबांना?"

वहिनीनं पदरानं डोळे टिपले. त्या हार मानण्याचा बाईंना बाबांपेक्षाही राग आला. दुसऱ्या दिवशी त्या थेट जुन्या शाळेच्या संगणक खोलीत गेल्या आणि तिथल्या सरांना सगळं सांगितलं. सर पोट धरधरून हसले.

"अहो बाई, त्या काडीत आहे ती जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, संगणक चालवणारी प्रणाली. कुणीही फुकट उतरवून घ्यावी, उघडून बघावी, शेजाऱ्याला वाटावी. ती पेनड्राइव्हवरूनच चालते. आवडली का बघा, मग पक्की बसवा, अशी सोय असते. तुमचे बाबा पक्की बसवतच नाहीत! बसवली तर पुढच्या गुरुवारी येणार कोण?"

"आणि 'स्थापना करा'?"

"इन्स्टॉल करा! भाषांतर करणाऱ्यानं मराठी शब्द घातला बिचाऱ्यानं. त्याला काय माहीत, आपले लोक शब्दालाही हात जोडतील."

"आणि वहिनीची नक्षी?"

"बिघडली असेल ती आधीची प्रणाली. घर पडलं तरी कपाट शाबूत असतं. पण बाबांनी स्थापनेच्या वेळी 'सगळी डिस्क पुसा' दाबलं, तर कपाटही गेलं. आधी नक्कल काढून घ्या."

बाईंकडे पेनड्राइव्ह होता एकच, कुठल्याशा समारंभात फुकट मिळालेला, पिवळ्या बदकाच्या आकाराचा. सरांनी त्यावर प्रणाली चढवून दिली, कुठली कळ दाबायची ते सांगितलं आणि नकलेसाठी एक रिकामा ड्राइव्ह दिला.

गुरुवारी हॉल ओसंडून वाहत होता. कायमची स्थापना बघायची कुणाला हौस नसते? वहिनीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. बाबांनी डबी उघडली.

"थांबा," बाई पुढे झाल्या. "आज माझ्या बदकाला संधी द्या."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

"डोळे उघडे ठेवा," बाईंनी बजावलं. बदक खाचेत घातलं, लॅपटॉप चालू केला आणि वरच्या ओळीतली कळ सगळ्यांना दाखवून दाबली. फडकं नाही, घोष नाही. ओळी उतरल्या. ओके, ओके, ओके. बदकानं निळे डोंगर उगवून दाखवले!

"जळेल! सगळं जळेल!" बाबा ओरडले.

बाईंनी लॅपटॉपची जुनी डिस्क उघडली. आत 'नक्षी' नावाचं फोल्डर. त्यात मोर, त्यात वेली, सगळे जिथल्या तिथे. वहिनीनं पडद्यावर बोट ठेवलं.

"वन्सं, माझा कोयरीचा पदर! हा बघा, हा बघा!"

"बघितला. आता याची नक्कल होऊ दे." नक्कल झाली. दुसऱ्या ड्राइव्हवर एकेक नक्षी उघडून बघितली आणि मगच बाई बाजूला सरकल्या. "आता दाब. स्थापना करा."

"बोट काळं पडलं तर?"

"बारा वर्षं त्या बोटांना सुया टोचल्यात. काळं पडायचं असतं तर केव्हाच पडलं असतं!"

वहिनीनं दाबलं. वीस मिनिटं एक निळी पट्टी पुढे सरकत राहिली आणि तेवढा वेळ बाबा झग्याच्या बाह्या ओढत बसले. मग बाईंनी बदक उपटून पर्समध्ये टाकलं आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. काडी नाही, बदक नाही, तरी डोंगर उगवले.

आता काय व्हावं? पुढच्या रांगेतला तो पेन्शनर उठला, पर्सकडे बघून त्यानं हात जोडले आणि भक्तिभावानं विचारलं, "बाई, हे बदक कुठं सिद्ध केलंत?"

"अहो, काय म्हणावं तुम्हाला!" बाईंनी कपाळावर हात मारला. "बदकाला नमस्कार केलात, तर पुढच्या गुरुवारी मीच झगा घालून बसेन! तुमचा लॅपटॉप आणा इकडे. आधी नक्कल काढू, मग कळ तुम्ही दाबायची. न कळलेलं विचारा, दहादा विचारा."

"माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही," बाबा पुटपुटले.

"मुळीच नाही. 'कॉम्प्युटर दुरुस्ती' अशी पाटी लाव आणि कष्टाचं खा, मी स्वतः गिऱ्हाईक पाठवीन. पण माणसाचं असलेलं 'गेलंय' म्हणून सांगायचं आणि त्याच्याच हातानं ते पुसून टाकायला लावायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत." मग त्या लोकांकडे वळल्या. "आणि तुम्ही! डोळे मिटा असं जो सांगेल, त्याच्यासमोर तरी डोळे उघडे ठेवा. त्याला लपवायचं असतं, म्हणूनच तो सांगतो."

पेन्शनरानं लॅपटॉप टेबलावर आणून ठेवला आणि आपण होऊन विचारलं, "बाई, कळ कुठली?"

बाईंनी दाखवायच्या आधीच वहिनीनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही. टकटक करा, घाबरू नका." आणि तेच बोट तिनं वर करून सगळ्या हॉलला फिरवून दाखवलं. सुईच्या खुणांनी भरलेलं, पण काळं कुठेच नव्हतं.