घरजावयाचं कूळ

मी बोलतोय, एवाल्ड स्टुरबाकाच्या रक्तातलं वाय गुणसूत्र. डोळ्यांना मी दिसत नाही. बापाकडून मुलाकडे जातो, मुलींच्या वाटेला जात नाही. पोटातल्या बाळाचा मुलगा करायचा, यापलीकडे माझी फारशी कर्तबगारी नाही. तरी माणसं मला मिरवतात, याचं मला हसू येतं.

एवाल्डचं गाव फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. इथे सगळे स्वीडिश बोलतात, आणि एवाल्ड तर नाकाने कांदेच सोलतो. "आमचे पूर्वज होड्या वल्हवत समुद्रापलीकडून आले. आतले ते फिनिश म्हणजे जंगलातली माणसं!" उकडलेला बटाटा तोंडात असला तरी हे पालुपद थांबत नाही.

त्याला एकच मुलगी, दीसा. टोमॅटोची काचघरं तीच सांभाळते. तिने सावोच्या तुओमोशी लग्न ठरवलं आणि म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सावो म्हणजे आतला तळ्यांचा मुलूख, आणि तिथली भाषा फिनिश.

"सावोचा माणूस या घरात नांदणार नाही. त्यापेक्षा घर विकून टाकीन!"

"विका. मीही त्याच्याबरोबर सावोला जाते. टोमॅटो तुम्हीच तोडा."

तुओमो खाली मान घालून जाळ्यातले मासे सोडवत होता. सावोची माणसं म्हणे भारी बडबडी, मग हा बोलत कसा नाही, म्हणून म्हाताऱ्याने त्यावरही तोंड वाकडं केलं.

"थांब, पुरावाच तोंडावर फेकतो," म्हणत एवाल्ड एका नळीत थुंकला आणि ती वंशाच्या तपासणीला पाठवली. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, हे त्याला कोण सांगणार? मी आतून ओरडून थकलो. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौसच असली, तर गुणसूत्राने काय करावं?

निकाल दीसाने कॉफी पिता पिता फोनवर वाचला. समुद्रापलीकडच्या स्वीडिश किनाऱ्यावर बऱ्याच पुरुषांत वाय गुणसूत्राची शाखा असते 'आय'. मी निघालो 'एन', पूर्वेकडचा. सगळ्यांत जवळून जुळलेले पुरुष सावोचे.

"नळ्या बदलल्या त्यांनी!" म्हातारा गरजला.

"नळ्या नाही बदलल्या, बाबा. कधीतरी घरजावई आला असणार. स्टुरबाका हे नाव माणसाचं थोडंच आहे? ते घराचं. जो आत येईल तो स्टुरबाका."

पोरीने बरोबर ओळखलं. फार पूर्वी एका लढाईत गावातले पुरुष गेले, आणि या घरात एकटी लेक उरली. सावोचा हेइक्की गडी म्हणून आला. त्याच्या अंगातून मी आलो. त्याला स्वीडिशचे चारच शब्द येत, तेही घोडा हाकायचे. लग्न झालं, घराचं नाव लागलं, आणि हेइक्कीचा हेन्रिक स्टुरबाका झाला. त्याचाच नातू पुढे परक्यांना जंगली म्हणू लागला. होड्यांतून आलेल्यांचं रक्त त्या लेकीकडून एवाल्डपर्यंत पोचलंच होतं. पण ह्या शहाण्याला फक्त बापाची रेघ हवी होती.

बरेच दिवस तो धुमसत राहिला. शेवटी सौनामध्ये त्याने तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफेतच तुओमोला विचारलं, "घराचं नाव लावशील?"

"लावीन. पण फिनिश बोलणार."

"बोल, टोमॅटोशी बोल."

लग्नात शेजारची गुनवोर म्हणाली, "काय हो एवाल्ड, शेवटी परकाच जावई केलात?"

"परका? अगं, आमच्याच कुळातला आहे! आम्ही मूळचे सावोचे!"

पुन्हा छाती पुढे! सगोत्र म्हणून लग्न अडवायला इथे भटजी नाही, हेच नशीब.

एवाल्डला मुलगा नाही. तो मातीत जाईल तेव्हा मीही संपेन. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? घराचं नाव मात्र दीसाच्या पोरांना लागेल. जाता जाता एवढंच मागतो, मला मिरवू नका. हे घर टिकलं ते परक्याला दार उघडणाऱ्या लेकींमुळे, आणि त्यांच्यातल्या एकीच्याही अंगात मी नव्हतो.