पाण्याला पारखा भूलभुलैया

“पुन्हा गुडघा आपटला! हे धूड इथून कुणी हलवेल का?” लुंडक्विस्ट सर पुटपुटले.

मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. मी एक जुना लाकडी भूलभुलैया आहे. मिनेसोटातल्या एका विद्यापीठाच्या तळघरात उंदरांना वाट चुकवायला लावणे हे माझे काम. आता फार दमलो आहे.

सर तरुण होते तेव्हा त्यांनीच मला पाइनच्या फळ्यांतून घडवले. उपाशी उंदीर आत सोडायचा, शेवटी खाऊची वाटी. तो चुकायचा, धडपडायचा, पोचायचा. रोज चुका कमी व्हायच्या.

“शिकणं म्हणजे सवय,” सर सांगत. “बक्षीस मिळालं की सवय पक्की. डोक्यात काय चालतं ते विचारू नका, ते दिसत नाही.”

त्यांची पुस्तके निघाली. लांबून लोक मला बघायला येत. नियम मात्र कडक : मला पाणी लावायचे नाही, लाकूड फुगेल. नुसता ब्रश फिरवायचा.

मग एडिथ शिकायला आली. ती पोटभर जेवलेले उंदीर माझ्यात नुसते भटकायला सोडी. खाऊ नाही, काही नाही. मग एकदाच त्यांना वाटी दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी ते भटके भुकेल्या पोटी थेट वाटीपाशी!

“यांच्या डोक्यात नकाशा आधीच तयार होता, सर.”

“असं? कवटी उघडून पाहिलीस वाटतं?”

मला विचाराल तर दोघांचेही थोडे थोडे खरे होते. पाढे तुम्ही शाबासकीसाठी पाठ करता, पण गावातल्या गल्ल्या? त्या उगाच हिंडूनच कळतात ना? पण मला कोण विचारतो!

सरांचा गुडघा आपटला, त्या दिवशी एडिथच्या पदवीचा निकाल होता. परीक्षक माझ्याभोवती जमले. सरांच्या सहीवाचून तिची सारी मेहनत वाया जाणार होती.

“नकाशा वगैरे काही नाही, एडिथबाई,” सर म्हणाले. “आधीच्या उंदराच्या वासावर पुढचा चालला. मी सही करणार नाही.”

एडिथ खाली बघत म्हणाली, “दर उंदरानंतर मी हा धुतला, सर. साबण लावून. तुमचा नियम मोडला मी.”

वासानेच वाट सापडत असेल, तर सरांचे उंदीर इतकी वर्षे काय शिकले? प्रश्न प्रत्येकाच्या मनात आला, विचारला कुणीच नाही. एकाने उगाच चष्मा पुसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पण त्यांच्यावर काय साचले आहे तेही अधूनमधून बघत जा.

सरांनी माझ्या तळावरून बोट फिरवले, नाकाशी नेले; साबणाचाच वास होता. मग खिशातले पेन काढले.

“आणि मी,” ते म्हणाले, “मी हा एकदाही धुतला नाही.”