दोनशे अकराव्या पानापुढचं शून्य

शनिवारी सकाळी साडेनऊला ती भाजी घेऊन घरी आली, तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलाशी बसला होता आणि तिचं ई-रीडर त्याच्या हातात होतं. मिक्सर दुरुस्त केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर येतं, ते हसू आलेलं होतं.

“हे बघ,” तो म्हणाला. “आता हा नुसता वाचायचा डबा राहिला नाही. टॅब्लेट झालाय. मेल, बातम्या, हवामान, सगळं दिसतं.”

पडद्यावर करड्या रंगाचा सूर्य होता. खिडकीबाहेरही ऊनच होतं.

ती प्रूफं तपासायची. बावीस वर्षं तिचं हेच काम होतं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचे झगझगीत पडदे बंद करायला सांगितल्यापासून छापखाना पुस्तकाची पानं या ई-रीडरवर घालून द्यायचा आणि ती त्याच्यासोबतच्या पेनानं चुकांवर खुणा करायची. सध्या त्यात नर्सेससाठीचं औषधांच्या डोसचं पुस्तक होतं. तीनशे चार पानं, तीन आठवड्यांचं काम. सोमवारी अकराला ते छापखान्यात द्यायचं होतं.

“माझ्या खुणा कुठे आहेत?” तिनं विचारलं.

“कसल्या खुणा?”

तिनं पिशवी खाली ठेवली. त्यानं सांगितलं ते असं: कंपनीनं घातलेलं सॉफ्टवेअर काढून टाकायचं आणि त्याजागी हौशी लोकांनी बनवलेलं दुसरं चढवायचं. त्यानं बघितलेल्या व्हिडिओत तेरा पायऱ्या होत्या. दुसरी पायरी, आत जे असेल ते आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. ती त्यानं सोडली होती.

“मला वाटलं, पुस्तकंच असणार. ती काय, परत घेता येतात.”

“तुम्हाला वाटलं.”

“अगं, तूच म्हणत होतीस ना, फोनवर मेल बघताना डोळे दुखतात. म्हटलं, तुला न सांगता करून ठेवावं.”

“मी मागितलं होतं?”

“नाही, पण...”

“लिफ्टचा दरवाजा उघडायच्या आधी आत माणूस आहे का ते बघता ना? की तेही नुसतं वाटतं?”

तो पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. त्यानं ई-रीडर टेबलावर ठेवलं. मग विचारलं, खुणांची दुसरी प्रत कुठे नाही का. नव्हती. न छापलेलं पुस्तक इंटरनेटवर जाऊ द्यायचं नाही ही छापखान्याची अट होती, आणि ती अट पाळायची हा तिचा स्वभाव होता.

तिनं छापखान्याच्या मालकांना फोन लावला.

“पानं पेन ड्राइव्हवर घालून माणसाबरोबर लगेच पाठवतो, बाई,” ते म्हणाले. “पण सोमवार म्हणजे सोमवार. मंगळवारी मशीन लावलंय.”

तिच्याजवळ उरली होती एक वही. प्रत्येक पान संपलं की त्याचा आकडा आणि त्यापुढे खुणांची संख्या ती लिहून ठेवायची, म्हणजे छापखान्यानं केलेल्या दुरुस्त्या नंतर मोजून घेता यायच्या. पान अडतीस, सहा. कोणत्या सहा, ते वहीत नव्हतं.

पानं आली, ई-रीडरवर चढली. “बसा,” ती म्हणाली. “लेखकाची कागदावरची मूळ प्रत तुम्ही वाचायची, मोठ्यानं. मी पडद्यावर बघणार.”

“आज मला सोसायटीच्या...”

“बसा.”

तो बसला. बातम्या वाचाव्यात तसा तो वाचू लागला.

“स्वल्पविराम?” तिनं अडवलं.

“तो दिसतोच की.”

“तुम्हाला दिसतो. मला ऐकायचाय.”

पेनानं रेघ ओढली की आता ती सेकंदभरानं उमटायची. दर वेळी ती थांबायची, रेघ यायची वाट बघायची आणि मग नवऱ्याकडे बघायची. बारा वाजेपर्यंत त्यानं तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

अडतिसाव्या पानावर पाचच चुका मिळाल्या. त्यांनी पान पुन्हा वाचलं. पाचच.

“मोजताना चुकली असशील,” तो म्हणाला.

“मी?”

तिसऱ्या वाचनात सहावी सापडली. तक्त्याच्या डोक्यावर मिलिग्रॅमच्या जागी मिलिलिटर छापलं होतं. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला.

“हे असंच छापलं असतं तर?”

“म्हणून सहा म्हणजे सहा,” ती म्हणाली. “वाचा पुढे.”

स्वयंपाक झाला नाही. दोन्ही दिवस त्यांनी ब्रेड खाल्ला, तोही त्यानंच भाजला. त्याचा आवाज बसला. चहा विचारल्यावर ती “नको” म्हणायची आणि त्यानं केला की प्यायची. राग मात्र तसूभर उतरला नव्हता. आकडा जुळला की तो चढायचा, कारण हे सगळं एकदा करून झालेलं होतं.

रविवारी दुपारी चारला दोनशे अकरावं पान आलं. लहान मुलांच्या डोसचा तक्ता.

“शून्य पॉइंट पाच मिलिग्रॅम,” त्यानं वाचलं.

“परत.”

“शून्य पॉइंट पाच.”

पडद्यावर नुसते पाच होते. तिनं खूण केली, रेघ यायची वाट बघितली आणि वही ओढली. दोनशे अकरापुढे तिच्याच अक्षरात शून्य होतं. खाली रेघसुद्धा मारलेली. चूक नसलेल्या पानाला ती तशी रेघ मारायची.

त्यानं मान वळवून वही बघितली. तोंड उघडलं.

“एक शब्द बोलू नका.”

“मी कुठे काय बोललो?”

“बोलणार होतात. म्हणून न विचारता हात लावला ते बरोबर होत नाही.”

“नाही होत,” तो म्हणाला.

त्यानं वाद घातला असता तर तिला बरं पडलं असतं. तिनं शून्य खोडलं, एक लिहिला आणि शेजारी सही केली. वहीतला आकडा बदलला की सही करायची, हा तिचा नियम होता. आजवर तो वापरायची वेळ आली नव्हती. पहिल्या वेळी या पानाशी आपण कशाकडे बघत होतो, ते तिला काही केल्या आठवेना.

“दोनशे बारा,” ती म्हणाली. आवाज चढलेलाच होता. “आणि स्वल्पविराम मोठ्यानं.”