रिकामी पेटी

आमच्या गावी, आंजीत शीतपेटी आली तेव्हा मी बंगळुरूला होते. आईनं फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. कोणी गेलं आणि त्याची लेकरं दूर असली, की बर्फाच्या लाद्या आणायला वर्ध्याला पळावं लागायचं. म्हणून भजनी मंडळानं वर्गणी काढून मृतदेह ठेवायची ही पेटी घेतली. दुकानाचा माणूस म्हणाला, "चालवून दाखवतो, डेमो घ्या." तर मंडळाचे अध्यक्ष बाबारावकाका त्याच्या अंगावर धावले. "रिकामी पेटी चालवतेत का कुठं? कोणाले बोलावून राह्यला तू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनं तर घरून चादर नेऊन पेटी झाकली आणि वर हळदकुंकू वाहिलं. "पडून राहू दे तशीच," ती मला हसत म्हणाली. "तिची गरजच नाई पडली पायजे."

मे महिन्यात गरज पडली. पहिल्यांदाच, आणि तीही आईसाठी.

मी विमानतळावर होते तेव्हा धाकट्या भावाचा, धनंजयचा फोन आला. "ताई, पेटी चालू हाय, पण गार नाई होऊन राह्यली. काय करू?" मेमधलं आमच्याकडचं ऊन मला माहीत आहे. मी म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका." घरी पोचले तेव्हा ओसरी धुऊन झाली होती. आईचं तोंड मला दिसलं नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं आहे, की आता ते दुसऱ्याच कोणाचं वाटतं.

मला रडू आलं नाही. भूक लागायची, झोप यायची, पाहुण्यांसाठी चहा टाकायचे. धनंजय मात्र जेवत नव्हता. घाईत पोरानं बटन नीट दाबलं नसेल, असं कोणीतरी बोलून गेलं होतं, आणि आमच्या गावात बोलणाऱ्यांना कधी तोटा नसतो. त्यानं ते मनाला लावून घेतलं. "माह्याच हातानं झालं, ताई," एवढंच म्हणायचा.

म्हणून तेरवी झाल्यावर बाबारावकाकांना घेऊन मी वर्ध्याला त्या दुकानात गेले. नव्या पेटीचं मला काही पडलं नव्हतं. दोष पेटीत होता, माझ्या भावात नव्हता, हे कोणीतरी कबूल करायला हवं होतं.

दुकानदार गोड माणूस. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मग हात वर केले. "तुम्ही डेमोच घेतला नाही. वॉरंटी कशी लागणार? लावताना तुमच्याच माणसाकडून काही झालं असेल."

"डेमो घेतला नाही तर वॉरंटी जाते, असं कार्डावर कुठं लिहिलंय? बोट ठेवून दाखवा."

त्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं. "पण मॅडम, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही. पेटी वापरली ना?"

"वापरली."

"कोणी?"

"माझ्या आईनं."

काकांनी खाली पाहिलं. दुकानदाराचा चेहरा पडला. एरवी मला बरं वाटलं असतं; तेव्हा काहीच वाटलं नाही. मी रेल्वेच्या उद्घोषणेसारखी बोलत राहिले. मुदतीत माल सदोष निघाला, तर दुरुस्त करा नाहीतर बदलून द्या. नसेल जमत तर आपण ग्राहक आयोगात भेटू. पण आधी मेकॅनिक पाठवा आणि दोष काय तो लेखी द्या.

मेकॅनिक आला. त्यानं मागचा पत्रा उघडला. नळीचा एक सांधा कारखान्यातूनच कच्चा आला होता आणि गॅस केव्हाच निघून गेला होता. "बटन कोणीबी दाबलं असतं, तरी ही गार झाली नसती," तो म्हणाला. मी धनंजयला बोलावलं आणि मेकॅनिकला तेच पुन्हा म्हणायला लावलं. त्या दिवशी धनंजय पोटभर जेवला.

पुढे बदलून नवी पेटी देवळासमोर आली. मेकॅनिक म्हणाला, "या वेळी डेमो घ्याच." मंडळी देवळाच्या पायरीपर्यंत मागं सरकली. काका पुटपुटले, "रिकामी नोको चालवू, माय."

मी घरी गेले, आईचा तांब्या भरून आणला आणि पेटीत ठेवला. "घ्या, आता रिकामी नाही." मेकॅनिकनं बटन दाबलं. पेटी घरघरू लागली. आम्ही सगळे काचेतून त्या तांब्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं त्याच्या अंगावर पाणी जमलं. मी झाकण उघडून तो काढला आणि तोंडाला लावला. मागून कोणीतरी "अगं अगं" केलं. पाण्यानं दात ठणकले.

तांब्या धनंजयकडे दिला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, पण प्यायला नाही.

"इतकी गार असती न, ताई," तो म्हणाला, "तर तुले माय दिसली असती."

"हो," मी म्हणाले.

मेकॅनिकनं डेमो मिळाल्याचा कागद पुढे केला. मी सही केली.