दोन मिनिटं बोला, जावईबापू

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाच नसेल. मी टेपरेकॉर्डर. काळा, चौकोनी, वर धरायला दांडी असलेला. पोटात कॅसेट घातली की मी बोलतो. लाल बटण दाबलं की ऐकलेलं साठवतो. बटण न दाबताही मला ऐकू येतं बरं का, फक्त ते कुणाला पुन्हा ऐकवता येत नाही. आता वय झालं. माझं एक बटण दाबल्यावर वर येत नाही, नखाने उचलावं लागतं. दिवसाचा बराच वेळ मी अर्धवट झोपेत असतो आणि त्या झोपेत जुने आवाज तरंगत येतात. त्यांतले काही आज तुम्हांला सांगावेसे वाटतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी या टोकाचा त्या टोकाला गेलो. वाटेत कुणी मला मोटर दिली, कुणी तारा जोडल्या, कुणी झाकण बसवलं. शेवटच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने लाल बटण दाबून विचारलं, "हॅलो, ऐकू येतंय का?" मग तिने ते लावून पाहिलं, मान हलवली आणि पुसून टाकलं.

मला विकत घेतलं एका इंग्रजीच्या क्लासने. परदेशी नोकरीला किंवा शिकायला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. वाचायचं, लिहायचं, ऐकायचं आणि बोलायचं, असे तिचे चार भाग. त्या परीक्षेची तयारी तिथे करून घेत. मॅडमनी कॅसेट लावली की सगळा वर्ग पेन सरसावून माझ्याकडे बघत बसायचा. "याचा आवाज बघा कसा स्वच्छ आहे," असं मॅडम प्रत्येक नव्या तुकडीला सांगायच्या आणि माझा ऊर भरून यायचा.

पुढे क्लासमध्ये संगणक आले. प्रत्येकाच्या कानाला वेगळा हेडफोन लागला. मी कपाटात गेलो. तिथे खडूची खोकी होती, फाटके नकाशे होते. किती काळ गेला ते सांगता येणार नाही. अंधारात सगळे दिवस एकमेकांत विरघळून जातात.

मग एकदा कपाट उघडलं. मॅडमशेजारी चाळिशीचे एक गृहस्थ अंग चोरून उभे होते. ते कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवत आणि हे घरी बसून त्यांवरून दात तयार करून देत. त्यांची बायको नर्स होती. आदल्याच वर्षी ती परदेशातल्या एका इस्पितळात रुजू झाली होती. तिच्याकडे जाऊन आपलं काम करायचं तर यांना ही परीक्षा पास होणं भाग होतं.

"वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, मॅडम," ते म्हणाले. "पोरंपोरी भराभर बोलतात. माझी पाळी आली की जीभ टाळूला चिकटते."

"मग याला घरी घेऊन जा," माझ्यावरची धूळ फुंकत मॅडम म्हणाल्या. "याच्यासमोर बोला. हा हसत नाही."

अशा रीतीने मी त्यांच्या घरी आलो. घर खरं तर त्यांच्या सासूबाईंचं. लेक दूर गेल्यावर आईला एकटं वाटू नये म्हणून जावई आपलं बिऱ्हाड गुंडाळून तिथे राहायला आले होते. कुणी घरजावई म्हणून चेष्टा केली की सासूबाई ठसक्यात सांगायच्या, "घरजावई कुठले? पाहुणे आहेत. फक्त जायचं विसरलेत."

पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने आ वासून बसलेले. खोलीत वितळलेल्या मेणाचा मंद वास असायचा. दुपारचं ऊन त्या जबड्यांवर पडलं की मला वाटायचं, हे सगळे आता एकदम काहीतरी म्हणणार. मला त्यांच्या शेजारीच जागा मिळाली.

उच्चारांत मात्र जावईबापूंनी लवकर बाजी मारली. एका जबड्यात बोट घालून ते सासूबाईंना दाखवायचे, "हे बघा आई, ही जीभ. 'थिंक' म्हणताना हिने दातांमधून जरासं डोकवायचं. आणि 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकायचे."

सासूबाईंनीही करून पाहिलं. त्यांची कवळी टुपकन खाली आली. ती सावरत त्या म्हणाल्या, "तुम्हीच केलेले दात आहेत. तुमच्याच इंग्रजीला घाबरतात!" दोघं इतके हसले की टेबलावरचे जबडेसुद्धा हसताहेत असा मला भास झाला.

दुपारी काम आटोपलं की माझ्या कॅसेटी लागायच्या. ऐकण्याच्या सरावाच्या त्या कॅसेटींमध्ये एक गाव होतं. त्या गावात कुणी भांडत नसे, कुणी आजारी पडत नसे. सगळे नुसती चौकशी करत. एक बाई वाचनालय किती वाजता उघडतं ते विचारायची. एक म्हातारा पोहण्याच्या तलावाचा रस्ता विचारायचा. एका बाईची पिशवी हरवलेली असायची आणि ती तिचा रंग सांगत राहायची. सासूबाईंना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण जावयाला विचारून विचारून त्यांनी त्या गावातली सगळी माणसं ओळखीची करून घेतली होती. आपली लेकही तिथेच राहते असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. "या बाईची पिशवी सापडली का हो?" त्या अधूनमधून विचारायच्या. "आपल्या लेकीला सांगा, दिसली तर देऊन टाक म्हणावं." भाजी निवडता निवडता त्यांचे डोळे मिटायचे, माझी चाकं फिरत राहायची आणि ते गाव हळूहळू त्या खोलीत उतरायचं.

बोलण्याच्या भागात परीक्षक एक विषय देतो आणि त्यावर दोन मिनिटं बोलायला सांगतो. जावईबापू मुळातच अबोल. दोन मिनिटं सलग ते मराठीतही कधी बोलले नसतील. म्हणून त्यांनी पुस्तकातली उत्तरं पाठ केली आणि माझ्यासमोर घोकून घोकून गुळगुळीत केली.

परीक्षेच्या दिवशी त्यांना विषय आला, तुमची आवडती शांत जागा. त्यांनी पाठ केलेलं तळं धडाधड म्हणून दाखवलं. परीक्षकाने सहज विचारलं, त्या तळ्याकाठी बसल्यावर तुम्हांला काय दिसतं? ते तळं त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. ते गप्प झाले ते झालेच.

निकाल घेऊन ते घरी आले, तेव्हा सासूबाई चहा गाळत होत्या.

"नाही झालो पास, आई. बोलण्यात गेलो."

सासूबाईंनी त्यांच्यापुढे कप ठेवला. स्वतःचा कप हातात घेऊन समोर बसल्या.

"खोटं कशाला सांगू, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "ऐकल्यावर मला क्षणभर बरंच वाटलं."

जावईबापूंनी मान वर केली नाही. "मलाही, आई."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"फोनवर मी लेकीला विचारते, जेवलीस का? ती काय जेवली ते सांगते. कुणाबरोबर जेवली ते कधीच सांगत नाही." त्या उठल्या. "चहा घ्या. उद्यापासून परीक्षक मी."

"अहो आई, पण तुम्हांला इंग्रजी..."

"तुमचे दात कुठे पडलेत? तरी कवळ्या करताच ना!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला कामाला लावलं. माझ्याकडून प्रश्न ऐकायचे, मागे फिरवायचे, पुन्हा ऐकायचे. असं करून त्यांनी सगळे प्रश्न नुसत्या आवाजावरून पाठ केले. दुपारी त्या उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसायच्या, चष्मा नाकावर घ्यायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरायच्या आणि कॅसेटमधल्या साहेबाच्याच सुरात म्हणायच्या, "टेल मी अबाउट युअर होमटाउन." मग हळूच मराठीत, "दोन मिनिटं बोला, जावईबापू."

पहिल्याच दिवशी त्यांनी मध्येच हात वर केला. "थांबा. हे पुस्तकातलं आहे."

"तुम्हांला कसं कळलं?"

"हात मांडीवर ठेवून बोलताय. कवळीचं काही सांगता तेव्हा तुमची बोटं हवेत दात लावत असतात. खरं काहीतरी सांगा. मोडकंतोडकं चालेल."

मग ते खरं बोलू लागले. अडखळत, शब्द शोधत, चुकत. शाळेतल्या बाकाबद्दल बोलले. मेण ऊन असताना बोटांना कसं लागतं त्याबद्दल बोलले. पहिली कवळी ज्या आजोबांना बसली ते आरशात पाहून कसे रडले, तेही सांगितलं. मी सगळं टिपून घ्यायचो. संध्याकाळी ते स्वतःचाच आवाज ऐकत बसायचे. आधी त्यांना त्याची लाज वाटायची. पुढे पुढे ते एखाद्या ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐकावं तसे ऐकू लागले.

परीक्षा जवळ आली तेव्हाची एक दुपार माझ्या झोपेत वारंवार येते. पडदा वाऱ्याने फुगत होता आणि उन्हाचा तुकडा जमिनीवर पुढेमागे होत होता. सासूबाईंनी प्रश्न विचारला. तुमच्या ओळखीच्या एखाद्या वयस्कर व्यक्तीबद्दल सांगा, असा त्याचा अर्थ होता. त्यांना तो अर्थ ठाऊक नव्हता. मला होता.

जावईबापूंनी हातातलं मेण खाली ठेवलं. मग बोलू लागले. एका बाईबद्दल, जी एका हाताने लेकीला निरोप देते आणि दुसऱ्या हाताने जावयाला इंग्रजी शिकायला बसवते. तो गेला की आपलं घर रिकामं होणार हे तिला माहीत असतं, तरी ती रोज दुपारी घड्याळ हातात घेऊन बसते. व्याकरण चुकत होतं. काळ पुढेमागे होत होते. पण त्यांची बोटं हवेत काहीतरी अलगद घडवत होती.

सासूबाई त्यांच्या बोटांकडे पाहत होत्या. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी माझी फीत संपली आणि बटण खट्‌कन वर आलं, तेव्हा दोघंही दचकले.

"कुणाबद्दल बोललात एवढं?" त्यांनी विचारलं.

"आहे एक बाई."

"चांगली आहे?"

"हो."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "वेळेचं बघा मात्र," त्या म्हणाल्या. "परीक्षक माझ्यासारखा नसेल."

जावईबापू पास झाले. त्या दिवशी दोघांनी मिळून लेकीला फोन केला आणि तिघंही एकाच वेळी बोलत राहिले. महिन्याभरात त्यांची बॅग भरली गेली. मला आणि जबड्यांना मागे ठेवून ते गेले. दारातून त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "पोचल्यावर दोघं मिळून जेवा. आणि काय जेवलात ते नका सांगू मला, नुसतं जेवलो म्हणा."

नंतर ती खोली फार शांत झाली. मेणाचा वास विरत गेला. माझ्या आतला रबरी पट्टा सैल पडला आणि एकदा सासूबाईंनी मला लावलं तेव्हा माझा आवाज घोगरा, ओढल्यासारखा निघाला. त्यांनी मला बंद करून वर फडकं टाकलं. मला वाटलं, पुन्हा कपाट.

पण एका दुपारी खालच्या मजल्यावरचा बसचालक वर आला. त्याच्या भावाने त्याला परदेशात बोलावलं होतं.

"मावशी, जावयांना तुम्ही पास केलंत म्हणे?"

"मी कसली! मला इंग्रजी येतं कुठे?"

"म्हणूनच आलो. ज्याला येतं त्याच्यासमोर मला घाम फुटतो."

सासूबाईंनी फडकं उचललं. मला पिशवीत घालून त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेल्या. त्याने मला नवा पट्टा बसवला आणि कापसाने माझ्या आतली घाण पुसली. "आता याला फेकून द्या, मोबाइलवर सगळं मिळतं," असं तो म्हणाला, तेव्हा सासूबाईंनी मला त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

बसचालकामागून त्याची बहीण आली. मग कपडे शिवणारी एक मुलगी, मग इस्पितळातली एक आया. दुपारी दारात चपला दिसू लागल्या. कुणी रडत बोलायचं, कुणी हसत. सासूबाई सगळ्यांचं ऐकायच्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडून असेल तर त्याला एकदा कापसाने पुसून बघा. आणि कुणी नवी भाषा बोलायला धडपडत असेल, तर कामातलं डोकं वर काढून त्याच्यासमोर थोडं बसा. त्याच्या चुका काढायला पुष्कळ जण मिळतील. ऐकायला कुणीतरी हवं असतं.

आजचीच गोष्ट घ्या ना. बसचालकाची परीक्षा उद्यावर आली आहे. त्याचा सराव संपला, तरी तो उठला नाही. त्याने स्वतःच माझं लाल बटण दाबलं.

"मावशी, आज मी विचारतो. तुम्ही सांगा. व्हेअर डू यू लिव्ह?"

"चल, काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. पण इतक्या जणांची उत्तरं ऐकून ऐकून या प्रश्नाचा अर्थ त्यांना केव्हाच कळून चुकला होता. त्यांनी खुर्चीत पाठ सरळ केली. खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे, दारातल्या चपलांकडे पाहिलं.

"आय," त्या म्हणाल्या. मग वरचे दात खालच्या ओठावर नीट टेकवून, "लिव्ह." आणि मग हात पसरून, सगळी खोली कवेत घ्यावी तसे, "हिअर."

बसचालक टाळी वाजवणार होता. त्यांनी बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं. त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं. त्या शब्द शोधत होत्या, आणि मी वाट पाहत फिरत राहिलो.