काकांची नऊ मतं

आमच्या मतदारसंघात उमेदवार उभा राहतो तो पडण्यासाठीच, अशी माझी पक्की समजूत होती. निळा, म्हणजे हुजूर पक्षाचा, सोडून. निळा घरी झोपून राहिला तरी निवडून यायचा. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या पलीकडची चार खेडी, एक बाजाराचं गाव आणि एक नवी वसाहत, एवढाच ऑल्डरब्रुकचा पसारा. पण एकोणीसशे चोवीसपासून तिथून दुसऱ्या रंगाचा माणूस पार्लमेंटात गेलेला नाही. मला कसं माहीत? कप्पाळ माझं! इतरांचे नवरे आंघोळ करताना स्तोत्रं म्हणतात, आमचे हे निकाल म्हणायचे. पंचेचाळीसला देशभर मजूर पक्षाची लाल लाट, आमच्याकडे निळे. चौऱ्याहत्तरला एका वर्षात दोनदा निवडणूक, दोन्हीदा निळे. सत्त्याण्णवला देशभर निळ्यांची दाणादाण, आमच्याकडे निळेच, फक्त जरा घाम फुटलेले. न्हाणीघरातून हे असं ऐकत मी तीस वर्षं पोळ्या लाटल्या.

आमचे हे म्हणजे मुरलीधर वझलवार. मूळचे नागपूरचे, पाणीपुरवठ्याच्या कंपनीत इंजिनियर. आम्ही नवे नवे इथे आलो होतो तेव्हा एक म्हातारी इंग्रज बाई उदारमतवाद्यांची पिवळी फीत लावून दारात आली आणि ह्यांना म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" इंग्लंडात पाऊल ठेवल्यापासून ह्यांना काय वाटतं ते कुणी विचारलंच नव्हतं. झालं! त्या एका प्रश्नावर माणूस पिवळा झाला तो कायमचा. भारतीय पासपोर्टावरही इथे मत देता येतं, हेही तिनेच सांगितलं. मग रविवार आला की खांद्याला पिशवी आणि दारोदार प्रचाराची लीफलेटं. कुत्री चावली, पावसात बूट कुजले, एकदोघांनी तोंडावर दार आपटून "आपल्या देशात जा" म्हटलं. हे तिथेच उभे राहून दाराच्या फटीतून लीफलेट सरकवायचे. मी म्हणायचे, अहो, लाज कशी वाटत नाही? तर म्हणे, दार उघडलं तरी ना, हेच खूप.

तीनदा उभे राहिले, तीनदा पडले. पण दर वेळी अंतर कमी व्हायचं. दोन हजार एकला तर निळ्यांच्या एजंटचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की हद्दी बदलणार. मतदारसंघांची फेरआखणी. दोन खेडी शेजारच्या सीटला, वसाहत बेसिंगस्टोकला, उरलेलं गाव तिसरीकडे. ऑल्डरब्रुक नावाची सीट नकाशावरून पुसली जाणार होती. म्हणजे दोन हजार पाचची निवडणूक शेवटची. आता नाही तर कधीच नाही. ह्यांनी ते तोंडाने कधी काढलं नाही, पण आंघोळ करताना निकाल म्हणायचे थांबले. तेव्हा मी घाबरले. हट्ट, वेड, खूळ, काय म्हणायचं ते म्हणा, पण ती सीट मिळाली नाही तर हा माणूस आतून संपेल, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मीच त्यांची निवडणूक एजंट झाले. जाहीर सभेत भाषण कर म्हटलं तर मी नाही करणार, पण एजंटगिरी मला उत्तम जमते. तीस वर्षं घरातला अर्थमंत्री आणि गृहमंत्री मीच आहे.

आता काकांबद्दल सांगायला हवं. दीनानाथकाका म्हणजे ह्यांचे सख्खे चुलते. वडील गेले तेव्हा हे शाळेत होते. काकांनी शिकवलं, काकांनीच विमानाचं तिकीट काढून दिलं. रिटायर झाल्यावर काकू गेली, मग ते मुलाकडे, विनयकडे, इथे राहायला आले. नव्या वसाहतीत, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. उभी नोकरी बँकेत गेली, आणि कामही असं की चेकवरची सही बँकेतल्या सहीशी जुळते का ते बघायचं. नागपुरात त्यांना सगळे 'सहीवाले वझलवार' म्हणायचे. एकदा म्हणे कलेक्टरचा चेक परत पाठवला, वेलांटी वेगळी होती म्हणून. बर्थडे कार्ड दिलं तर आधी खाली बघायचे. सही नसली तर म्हणायचे, "हे कुणी दिलं बाप्पा? बेवारशी कागद!"

वसाहतीत आपली आठ म्हातारी माणसं होती, मुलांकडे येऊन राहिलेली. काका नववे आणि त्यांचे पुढारी. सगळ्यांना मतदान केंद्रापर्यंत चालवत नेणं कठीण, म्हणून मी त्यांच्यासाठी पोस्टाने मतदानाची सोय करून घेतली. लिफाफे आले त्या दुपारी काकांनी विनयच्या डायनिंग टेबलाभोवती सगळ्यांना बसवलं. चहा, चिवडा आणि लोकशाही! त्या वेळी असा नियम होता की मतपत्रिकेबरोबर एक वेगळा कागद यायचा, त्यावर मतदाराने सही करायची आणि दुसऱ्या कुणीतरी साक्षीदार म्हणून. मतपत्रिकेवर मात्र फक्त फुली. ह्यांनी फोनवर बजावलं होतं, "काका, सही राहिली तर मत बाद होतं, तेवढं बघा." काका दुखावलेच. "सहीचं तू मला सांगतोस?"

संध्याकाळी मी लिफाफे पोस्टात टाकण्यासाठी आणायला गेले तेव्हा सगळे चिकटवून तयार. "मधुमती, नऊच्या नऊ चोख आहेत," काका म्हणाले. "मुरलीला म्हणावं, निश्चिंत राहा." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मीही निश्चिंत झाले. कशी बुद्धी सुचली नाही एक लिफाफा फोडून बघायची! पण चिकटवलेलं मत फोडतं का कुणी?

मतमोजणी शुक्रवारी सकाळी, लेझर सेंटरच्या, म्हणजे गावच्या क्रीडासंकुलाच्या, बॅडमिंटन हॉलमध्ये. मी, हे आणि आमची लेक ऋजुता. ती इथेच जन्मलेली, कार्डिफला डॉक्टरकी करते, मुद्दाम रजा काढून आलेली. टेबलांवर मतांचे गठ्ठे चढायला लागले आणि दुपारपर्यंत निळ्यांची आणि आमची रांग सारखी दिसायला लागली. ऋजुता माझा दंड दाबून म्हणाली, "आई, बघ ना, आपला लाईन मोठी झाली!" एरवी मी तिचं मराठी दुरुस्त करते. त्या दिवशी म्हटलं, हो गं बाई, झाली.

मग निवडणूक अधिकाऱ्याने सगळ्या उमेदवारांना आणि एजंटांना बाजूला बोलावलं. कौन्सिलचा शांत, उंच माणूस. दोनदा मोजून झालं होतं. आम्ही सात मतांनी मागे होतो. हजारो मतांत सात! "मात्र," तो म्हणाला, "काही शंकास्पद मतपत्रिका अजून ठरवायच्या आहेत." कुणी दोघांपुढे फुली केलेली, कुणी कोरीच टाकलेली, कुणी सगळ्यांना शिवी लिहिलेली. त्या सगळ्या दोन्हीकडच्या संमतीने बाद झाल्या. मग त्याने शेवटचा छोटा गठ्ठा काढला आणि टेबलावर पत्त्यांसारखा मांडला.

नऊ मतपत्रिका. नऊंवर वझलवार ह्या नावापुढे सुबक फुली. आणि फुलीच्या खाली, काळ्या शाईत, ठळक देवनागरीत काहीतरी लिहिलेलं.

पहिलीवरची सही तर मी झोपेत ओळखली असती. 'दीनानाथ' मधल्या 'द'ची ती लांब शेपटी, शेवटी दोन टिंबं. आमच्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर होती ती.

"मतदाराची ओळख पटेल असं काही मतपत्रिकेवर लिहिलेलं असेल तर ती मला बाद करावी लागते," अधिकारी म्हणाला. "शुभेच्छा, प्रार्थना, असलं काही असेल तर हरकत नाही. मला ही लिपी येत नाही. मिस्टर वझलवार, काय लिहिलंय?"

निळ्यांचा एजंट लाल झाला. "ह्यांनाच काय विचारता? ह्यांचा तर फायदा आहे!"

"मग दुसरं कोण वाचणार?" अधिकारी म्हणाला. "मी ह्यांना ओळखतो. हे सांगतील त्यावर मी ठरवीन."

नऊ मतं. सातची पिछाडी. दोन मतांनी विजय. एवढं गणित माझ्या डोक्यात इतक्या वेगाने झालं की मला माझीच कमाल वाटली. मी ह्यांचा कोट मागून ओढला आणि मराठीत, अगदी हळू म्हटलं, "अहो, आशीर्वाद आहेत म्हणा. खोटं आहे का ते? आशीर्वादच आहेत ते!"

हे वाकून बघत होते. मग एकेका कागदावर बोट ठेवलं. एका मतपत्रिकेवर नुसतंच 'श्री' होतं. ती वसाहतीतल्या आठांपैकी श्यामलामावशींची असणार, त्यांना सही येत नाही, त्या अंगठा देतात. "हे देवाचं स्मरण आहे," हे म्हणाले. "नाव नाही." अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवली, ग्राह्य म्हणून. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, जमलं, सुरुवात तर झाली!

मग त्यांनी काकांच्या सहीवर बोट ठेवलं.

"हे नाव आहे," ते म्हणाले. "दीनानाथ विष्णू वझलवार. माझे काका." उरलेली सातही नावं त्यांनी वाचली. नुसती नाही, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, हजेरी घेतल्यासारखी. निळ्यांचा एजंट खाली बघायला लागला.

सहा मतांनी पडलो.

गाडीत मी भडकले. "तुम्ही माणूस आहात की दगड? तीस वर्षं! एक शब्द बोलायचा होता फक्त!" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मधू, आयुष्यभर ज्यांनी सही खरी की खोटी तेवढंच पाहिलं, त्यांची सही ही सहीच नाही, असं मी म्हणू? इतक्या लोकांसमोर?" रडूही येईना, इतका राग आला होता. काकांचा, ह्यांचा, त्या मेल्या सह्यांचा, माझा स्वतःचा. ऋजुता मागे मुसमुसत होती.

विनयकडे न जाऊन चालणार नव्हतं. काका सकाळपासून ताटकळत होते. धोतर, कोट, टोपी. टीपॉयवर स्लाऊच्या आपल्या मिठाईवाल्याकडून मागवलेल्या पेढ्यांचा बॉक्स. आम्हाला बघून उठायला लागले, पण चेहरे पाहून परत बसले.

"पडलास?"

"हो काका."

"कितीने?"

"सहाने."

"अरेरेरे." काका हळहळले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे आमची नऊ होती म्हणून सहावर तरी आलं. नाहीतर पंधराने पडला असतास! सगळ्यांना बसवून सह्या करवून घेतल्या मी. एवढा मोलाचा कागद, आणि बिनसहीचा कसा पाठवायचा? इंग्रजीत नको म्हटलं, देवनागरीत करा, म्हणजे कुणाला नक्कल करता येणार नाही. पोचली ना सगळी?"

ऋजुताने तोंड उघडलं, "आजोबा, पण ते तर..." मी तिच्या मनगटाला असा चिमटा काढला की ती कळवळली.

हे खाली वाकले, काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठायला वेळ लागला.

"पोचली काका. नऊच्या नऊ मोजली."

"मग झालं तर! पुढच्या वेळी आणखी माणसं जमवतो. सीट काय पळून जाते का?"

"नाही काका," हे म्हणाले. "पुढच्या वेळी नक्की."

हॉलमध्ये एक शब्द खोटा बोलला असता तर खासदार झाला असता हा माणूस. तिथे नाही जमलं त्याला. इथे मात्र घडाघडा बोलत होता, काकांचा हात हातात घेऊन. आणि मी, जी दुपारी त्याला खोटं बोला म्हणत होते, पेढा तोंडात कोंबून भिंतीकडे बघत उभी राहिले.