थोडंसं त्या गटातलं

फझी लॉजिकमध्ये, म्हणजे हो आणि नाहीच्या मधल्या गणितात, कुणी पूर्ण आपलं नसतं आणि पूर्ण परकंही नसतं, याचा तिला एरवी मोठा दिलासा वाटे. स्वतःच्या आईपणालाही ती मनातल्या मनात ०.६ देऊन मोकळी होई. ध्वनिसंग्रहालयातल्या जुन्या गाण्यांचे तुकडे संगणकाला ऐकवायचे आणि कुठला तुकडा कुठल्या गटात किती बसतो ते शून्य ते एकच्या मधल्या आकड्यात मांडायचं, ही पद्धत तिने तीन वर्षं खपून उभी केली होती. ती बाळंतपणाच्या रजेवर असताना तिच्या विभागप्रमुख सरांनी ती पद्धत स्वतःच्या नावावर छापली.

जाब विचारायला तिने फोन केला, तर सर हसले. "अगं, तू आता बाळाकडे बघ. कशाला डोक्याला ताप?"

तो कॉल रेकॉर्ड झाला होता. कामावर परतल्यावर तिने निव्वळ जळफळाटापोटी तो 'शेवटचे तुकडे' या गटाशी ताडून पाहिला. एका गायिकेचा आवाज कायमचा जाण्याआधीच्या ओळी त्या गटात होत्या. आकडा आला ०.२.

दुसऱ्या दिवशी, तिने कशालाही हात लावला नसताना, तोच आकडा ०.४ होता. आणि सरांचा घसा बसला होता.

गुरुवारी ०.७. सर चिठ्ठ्या लिहून बोलू लागले.

"दृष्टच लागली म्हणायची," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली.

"कुणाची गं?" तिने इतक्या साळसूदपणे विचारलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. नोंद पुसायला एक बटण पुरे होतं. बोट तिथवर जाई आणि मागे येई. त्या आठवड्यात तिला झोपही गाढ लागली. बाळ रात्री एकदाही रडून उठलं नाही.

शुक्रवारी सर दारात उभे राहिले, त्यांचे ओठ हलले आणि नुसती हवा बाहेर आली. पडद्यावर ०.९. पोटभर जेवल्यासारखी ती मागे रेलली, आणि तेव्हा तिला खालची ओळ दिसली. संगणकाने कॉलचे दोन तुकडे केले होते. दुसरा अगदी छोटा होता, सरांच्या हसण्यामागचा. त्यापुढेही ०.९.

तिने हेडफोन लावले. फोनच्या वेळी तिच्या मांडीवर असलेलं बाळ हुंकारलं होतं.

बटण दाबून, पर्स तिथेच टाकून ती घरी धावली. दार सासूबाईंनी उघडलं.

"आज दिवसभर हूं की चूं नाही. किती गुणी झालंय गं!"

पाळण्यातून बाळाने तिच्याकडे पाहिलं. चेहरा लालबुंद झाला, डोळे भरून आले, इवलंसं तोंड होतं तेवढं उघडलं. आणि घरात सासूबाईंचं कौतुक तेवढं ऐकू येत राहिलं.